प्रोस्टेटची गोळी चालू आहे, तरी त्रास परत का येतो?

गोळी सुरू केली, दोन-तीन महिने बरे गेले आणि आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रात्री चारदा उठायचं, संडासात उभं राहून धारेची वाट बघायची, आणि अंथरुणावर परत येऊन पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा लागल्यासारखं वाटायचं. ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझं वय ७२. प्रोस्टेट वाढल्याचं कळून नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत त्रास पाच वेळा उलटला आणि पाचही वेळा मी एकच निष्कर्ष काढला: गाठ आणखी वाढली. त्यातल्या चार वेळा गाठ होती तेवढीच होती, बिघडलं होतं दुसरंच काहीतरी. मी डॉक्टर नाही. औषध बदलायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच. पण नेमकं काय बिघडलंय हे शोधायचं अर्धं काम घरी बसून करायचं असतं, तपासणीच्या दहा मिनिटांत ते होत नाही.

तोटी, टाकी की पाणी?

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. तरुणपणी ती साधारण २० ग्रॅमची, अक्रोडाएवढी. चाळिशीनंतर नलिकेला लागून असलेला आतला भाग वाढू लागतो. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ सापडते. ती कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, एवढंच.

आता लघवीची तक्रार तीन जागांहून येऊ शकते. तोटी, म्हणजे प्रोस्टेटमधून जाणारी नलिका, आवळली असेल तर सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक पडते, मध्येच तुटते, शेवटी जोर करावा लागतो. टाकीच, म्हणजे मूत्राशय, चिडकं झालं असेल तर अचानक घाई होते, तासातासाला जावं लागतं, आणि गेल्यावर जेमतेम अर्धा कप निघते. आणि वरून पाणीच जास्त येत असेल तर जाल तेव्हा भरपूर होते, धारही बरी असते, फक्त खेपा संपत नाहीत.

प्रोस्टेटची गोळी मुख्यतः तोटीवर काम करते. टाकीला तिचा थोडाफार उपयोग होतो, वरून येणाऱ्या पाण्याला काहीच नाही. ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची गोळी आपलं काम चोख करत असते, पण त्रास तिच्या हद्दीबाहेरचा असतो. गुंता एवढाच की वर्षानुवर्षं आवळलेली तोटी टाकीलाही बिघडवते. अडथळ्याविरुद्ध जोर लावून लावून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडका होतो, नाहीतर थकून ढिला पडतो. म्हणून एकाच माणसात दोन-दोन गोष्टी सापडतात.

तीन दिवसांची वही

एक मापाचा प्लास्टिकचा मग आणि एक वही, एवढंच लागतं. तीन दिवस, दर वेळी: किती वाजता, किती मिलिलिटर, घाई होती का. शेजारी काय प्यायलो आणि किती, ते. कंटाळवाणं काम आहे आणि पहिल्या दिवशी स्वतःचीच लाज वाटते. मी दोन वर्षं टाळलं आणि ती दोन वर्षं फुकट गेली.

माझ्या वहीतली पहिली रात्र अशी होती. अकराला झोपलो. १२:५० ला ३१० मिली. २:४० ला २८०. ४:३० ला २६०. सकाळी ६:१५ ला ३००. झोपण्याआधीची लघवी दिवसात धरायची आणि सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीत, म्हणून रात्रीची बेरीज ११५०. चोवीस तासांची एकूण १९८०. डॉक्टरांनी पान बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “काका, प्रत्येक वेळी पाव लिटरच्या वर होतेय. मग तुमची टाकी आणि तोटी दोन्ही बऱ्या आहेत की. एवढं पाणी रात्री येतं कुठून?”

हिशेब असा लावतात. म्हाताऱ्या माणसाची रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर मूत्रपिंडं रात्रपाळी करताहेत. माझी निम्म्याहून जास्त होती. चोवीस तासांची बेरीजच तीन लिटरच्या घरात जात असेल, तर आधी रक्तातली साखर बघायची आणि पाणी किती पितो ते बघायचं. आणि रात्री-दिवसा प्रत्येक वेळी ७०-८० मिलीच होत असेल, तर मूत्राशय चिडकं आहे किंवा आत आधीचीच उरलेली आहे. यातलं कोणतं ते सोनोग्राफीत कळतं.

वहीबरोबर सात प्रश्नांचा तक्ताही भरायला देतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. आठवा प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण तोच मला सगळ्यांत खरा वाटतो: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? तक्ता दर सहा महिन्यांनी भरून जपून ठेवा. ‘वाढलंय’ आणि ‘आज वैतागलोय’ यांतला फरक मला तरी आकड्याशिवाय कळलेला नाही.

रात्रीचं पाणी पायातून येतं

पहिल्यांदा त्रास उलटला तेव्हा कोडं डॉक्टरांनी नाही, बायकोने सोडवलं. मी संध्याकाळी मोजे काढत होतो. “अहो, पाय बघा तुमचे,” ती म्हणाली. घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खाच पडलेली होती. नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडला आणि चांगला अर्धा मिनिट तसाच राहिला.

दिवसभर पायांत साठणारं पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते उपसायला घेतात. मी ब्लड प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत होतो. घोटे सुजणं हा त्या गोळीचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा पायांतल्या शिरा यांचं दुखणं असेल तरी असंच होतं, म्हणून सूज दिसली की आधी तिचं कारण शोधायचं. माझी गोळी बदलली. शिवाय दुपारनंतर तासभर पाय छातीच्या पातळीवर ठेवून पडायचं, म्हणजे ते पाणी झोपायच्या आत निघून जातं. तीन आठवड्यांत चारदाचं दोनदा झालं. प्रोस्टेटच्या औषधाला हातही लावला नव्हता.

याच जातीच्या आणखी दोन गोष्टी. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर ती सकाळी किंवा दुपारी घेता येईल का, ते विचारा. आणि घोरण्याबरोबर मध्येच श्वास अडकत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारातही रात्री लघवी जास्त तयार होते, आणि माणूस प्रोस्टेटला शिव्या घालत बसतो.

पाणी तोडू नका. मी एकदा दिवसभर घसा कोरडा ठेवला. लघवी गडद झाली, जळजळायला लागली, बद्धकोष्ठ झालं आणि भरलेल्या आतड्याने खालून दाबल्यावर लघवीही अडखळू लागली. दिवसाचं पाणी नेहमीएवढं प्यायचं, फक्त झोपण्याआधीच्या तीन तासांत हात आखडता घ्यायचा. चहा, कॉफी आणि दारू संध्याकाळनंतर बंद, कारण त्या लघवी वाढवतातही आणि मूत्राशयाला डिवचतातही.

सर्दीची गोळी

दुसऱ्यांदा जे झालं ते मी शत्रूवरही येऊ देणार नाही. साधी सर्दी होती. दुकानातून मिळणारी नेहमीची गोळी दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री अकराला लघवी लागली आणि एक थेंब आला नाही. एक वाजता बेंबीखाली नारळासारखा टणक गोळा हाताला लागत होता. मी फेऱ्या मारत होतो, नळ सोडून बघत होतो, घामाने थबथबलो होतो. पहाटे तीनला रुग्णालयात कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला. पिशवीत ९०० मिली आली. त्या नर्सबाईंचा चेहरा मला अजून आठवतो, देवी दिसावी तसा.

सर्दीच्या गोळ्यांत बहुधा दोन औषधं असतात. नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफिड्रिन मूत्राशयाच्या तोंडाचा आणि प्रोस्टेटचा स्नायू आवळतं. शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचं आकुंचन मंद करतं. म्हणजे तोटी बंद आणि पंपही ढिला. प्रोस्टेटची गोळी जो स्नायू सैल करते, तोच सर्दीची गोळी आवळते. मी रोज सकाळी एक आणि रात्री दुसरी गिळत होतो.

हीच गोष्ट इतर औषधांची: झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ते अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पोटातला मुरडा थांबवणारी काही औषधं, अफूच्या वर्गातली वेदनाशामकं, दम्याचे काही पंप. यातलं कोणतंही आपल्या मनाने बंद करायचं नाही. पण नवीन औषध लिहून देणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दाताचा डॉक्टर का असेना, ‘मला प्रोस्टेट आहे’ हे वाक्य सांगायचं. ते वाक्य व्याकरणाने चुकीचं आहे, प्रोस्टेट सगळ्याच पुरुषांना असते, पण डॉक्टरांना बरोबर कळतं.

लघवी पूर्ण तुंबली तर घरी बसायचं नाही. ‘पाणी पी म्हणजे सुटेल’ हा सल्ला तर मुळीच ऐकायचा नाही, भरलेल्या टाकीत आणखी भर कशाला. थेट रुग्णालय. कॅथेटर घातल्यावर साधारणपणे स्नायू सैल करणारी, अल्फा-ब्लॉकर गटातली गोळी सुरू करतात, दोन-तीन दिवसांनी नळी काढतात आणि स्वतःहून होते का ते बघतात. माझी झाली. नाही झाली तर पुन्हा नळी घालतात. पुन्हा घातली म्हणजे आता ऑपरेशनच, असं लगेच धरून चालू नका. दुसऱ्या प्रयत्नात सुटलेले लोक आहेत.

गोळ्यांचे घोळ

दोन जातींच्या गोळ्या आहेत आणि लोक त्या एकाच मापाने मोजतात.

टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन हे अल्फा-ब्लॉकर. प्रोस्टेटमधला आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू ते सैल करतात. काही दिवसांत फरक पडतो. गाठीचा आकार मात्र तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे धार सुधारली म्हणून गोळी बंद केली की त्रास परत, आणि माणूस म्हणतो ‘गाठ वाढली’. टॅमसुलोसिन रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर ती रक्तात जास्त चढते आणि चक्कर येऊ शकते. रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, मग उभे राहा. अंधारात, घाईत, रक्तदाब उतरलेल्या अवस्थेत संडासाकडे धावणं हे प्रोस्टेटपेक्षा धोक्याचं आहे. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. या गोळ्यांनी वीर्य बाहेर येणं कमी होतं किंवा थांबतं. त्याने अपाय नाही, पण आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेत्रतज्ज्ञांना ही गोळी घेत असल्याचं, पूर्वी घेत होता तरीही, जरूर सांगा. बुबुळाचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडून फडफडतो. सर्जनला आधी कळलं तर तो तयारीने उतरतो.

दुसरी जात फिनास्टेराइड आणि डुटास्टेराइड. त्यांची गोष्ट मजेची आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत अशी मुलं जन्मत, ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे जास्त प्रभावी रूप करणारं एन्झाइम जन्मतःच कमी असे. त्यांचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट अगदी लहान राहिलेली आढळली. ते एन्झाइम गोळीने रोखलं तर? यातून फिनास्टेराइड आलं, १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

या गोळ्या गाठ खरोखर लहान करतात, साधारण पाव हिश्शाने, पण सहा महिने लागतात. माझा तिसरा फेरा इथलाच. डुटास्टेराइड दोन महिने घेतली, ढिम्म फरक नाही, म्हणून मीच बंद केली आणि डॉक्टरांना सांगितलंही नाही. वर्षभराने धार पुन्हा करंगळीएवढीसुद्धा उरली नाही. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “काका, बी पेरून दुसऱ्या दिवशी उकरून बघितलंत.” पुन्हा सुरू केली आणि सातव्या महिन्यात तक्त्यातला आकडा १९ वरून ११ वर आला.

गाठ मोठी असेल, साधारण ३० ते ४० ग्रॅमच्या पुढे, तरच या गोळ्यांना अर्थ आहे. मोठ्या गाठीवर दोन्ही जाती एकत्र देतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३,०४७ पुरुषांना सरासरी साडेचार वर्षं तपासलं. औषधच नसलेल्या बनावट गोळीच्या तुलनेत जोडगोळीने आजार पुढे सरकण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी केला. बदल्यात कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, क्वचित छाती दुखरी होणं, हे होऊ शकतं. घरात गर्भवती असेल तर तिने फुटलेल्या गोळीला किंवा कॅप्सूलला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. ताठरतेचाही त्रास असेल तर रोज ५ मिलिग्रॅम टाडालाफिल दोन्हींवर चालते, पण हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यांना ती सक्त मना.

वनस्पतिजन्य गोळ्यांबद्दल विचाराल तर सॉ पामेटोची रीतसर परीक्षा झालेली आहे. २००६ च्या आणि २०११ च्या अभ्यासांत ती बनावट गोळीपेक्षा सरस ठरली नाही, २०११ मध्ये तर मात्रा तिपटीपर्यंत वाढवूनही. मी स्वतः वर्षभर घेतली होती. तेव्हा बरं वाटत होतं हेही खरं.

रिपोर्ट कसा वाचायचा

‘प्रोस्टेट ५२ ग्रॅम’ वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. माझ्या एका मित्राची २८ ग्रॅमची आणि तो माझ्याहून बेजार. गाठीचा आकार आणि त्रास यांचं फारसं जमत नाही, कारण वाढ बाहेरच्या बाजूला आहे की नलिकेत घुसली आहे यावर सगळं अवलंबून. रिपोर्टमध्ये आकाराच्या आधी ‘लघवी केल्यानंतर उरलेली’ हा आकडा बघा.

त्या आकड्यातही एक सापळा आहे. सोनोग्राफीला ‘पाणी पिऊन बसा’ सांगतात. मी लिटरभर प्यायलो, नंबर लागायला दीड तास गेला, मूत्राशय ६५० मिलीपर्यंत ताणलं गेलं. मग लाजत, घाईत, अनोळखी संडासात लघवी केली आणि १८० मिली उरली. रिपोर्टवर लाल खूण. आठवड्याने नेहमीइतकी लागल्यावर केली तर उरलेली ६०. जास्त ताणलेलं मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही, म्हणून एकाच आकड्यावर घाबरू नका, पुन्हा मोजून घ्या. धारेचा वेग मोजायच्या चाचणीलाही किमान १५० मिली तरी व्हायला हवी, नाहीतर आलेख फुकट. सेकंदाला १० मिलीपेक्षा कमी वेग हे बहुधा अडथळ्याचं लक्षण, पण मूत्राशय अशक्त असलं तरी वेग तितकाच पडतो. दोन्हींतला फरक या चाचणीत दिसत नाही, त्यासाठी आतला दाब मोजावा लागतो.

पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचं तर विचारूच नका. चौथ्यांदा त्रास उलटला तेव्हा उन्हाळी लागल्यासारखी जळजळ होती, थंडी वाजून ताप होता, आणि कोणीतरी त्याच आठवड्यात पीएसए करून घेतला. आकडा ११. घरात सुतक पडल्यासारखं झालं. खरं कारण जंतुसंसर्ग होतं. संसर्गाने, लघवी तुंबल्याने, कॅथेटर घातल्याने पीएसए वर जातो, वीर्यस्खलनानंतरही एक-दोन दिवस थोडा चढलेला राहतो. अँटिबायोटिक झाल्यावर आठ आठवड्यांनी पुन्हा केला, तेव्हा २.१. पण मी डुटास्टेराइडवर होतो, आणि त्या जातीच्या गोळ्या सहा महिन्यांनंतर पीएसए निम्मा करतात, म्हणून दुप्पट धरायचा: ४.२, माझा आधीचाच. हे दुप्पट करणं लक्षात ठेवा. गोळीवर असताना आकडा ‘नॉर्मल’ दिसतो म्हणून निर्धास्त राहिलेले लोक आहेत. या गोळीवर असताना पीएसए चढत असेल तर तो लहान दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचा.

जळजळ आणि ताप हे वाढलेल्या गाठीचं लक्षण नाही, संसर्गाचं आहे. आणि लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं, तरी तपासणी चुकवायची नाही. विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी.

घाई, थेंब आणि ओलं अंथरूण

घाईसाठी मूत्राशयाला शिस्त लावता येते. कळ आली की धावायचं नाही. जागेवर थांबून गुदद्वाराचा स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळायचा, कळ ओसरली की चालत जायचं. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. मूत्राशय शांत करणाऱ्या सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या आहेत, पण आधी उरलेली किती ते मोजून.

लघवी करून चड्डी वर केली की चार थेंब गळतात, हे वेगळं. ते थेंब नलिकेच्या वळणात साचलेले असतात. वृषणांच्या मागे तीन बोटं ठेवून मागून पुढे हलकेच दाबत आणायचं, साठलेलं बाहेर येतं. कुठल्याही गोळीने जे होणार नाही ते यात पाच सेकंदांत होतं. हे मला कुणी साठीत सांगितलं असतं तर फिक्या रंगाच्या पँटी टाकून द्याव्या लागल्या नसत्या.

बसून लघवी केल्याने त्रास असलेल्या पुरुषांचं मूत्राशय जास्त रिकामं होतं. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. पुरुषी अभिमान आड येत असेल तर दार लावून घ्या.

मात्र झोपेत, न कळत अंथरूण ओलं होऊ लागलं तर ते घरच्यांपासून लपवू नका. वय झालं म्हणून असं होत नाही. बहुतेकदा मूत्राशय हळूहळू, न दुखता, काठोकाठ भरलेलं राहतं आणि वरचं सांडतं. अशा वेळी दाब मूत्रपिंडांपर्यंत जातो. सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन लगेच करायचं. अशा रुग्णाला कॅथेटर घातल्यावर कित्येक तास लिटरच्या लिटर लघवी होऊ शकते, म्हणून ते रुग्णालयातच व्हावं.

पाचव्यांदा मात्र गाठच

वर्षात तीनदा संसर्ग. उरलेली लघवी २४०, पुन्हा मोजली तरी २४०. मूत्राशयात एक लहान खडा. या वेळी वादाला जागा नव्हती. लघवी पुन्हा पुन्हा तुंबणं, वारंवार संसर्ग, थांबत नसलेलं रक्त, मूत्राशयात खडे, मूत्रपिंडांवर परिणाम: यातलं काही असेल तर गोळ्या रेटत बसू नये. अडथळा जितकी वर्षं राहतो तितका मूत्राशयाचा स्नायू थकत जातो, आणि थकलेला स्नायू ऑपरेशनने परत मिळतोच असं नाही.

ऑपरेशन दुर्बिणीने होतं. तापलेल्या तारेच्या वेटोळ्याने आतली वाढ खरवडून काढतात, किंवा लेसरने. फार मोठ्या गाठीला लेसरने आतला गर सोलून काढायची पद्धत चालते. वाफेची आणि क्लिपांची लहान ऑपरेशनंही आहेत. वीर्यावर परिणाम नको असेल त्यांनी त्यांबद्दल विचारावं, कारण खरवडण्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य मूत्राशयात उलटं जातं. ग्रंथीची बाहेरची साल तशीच राहते. म्हणून पीएसए पुढेही करायचा असतो, आणि काही वर्षांनी थोड्या लोकांत वाढ परत येते.

ऑपरेशननंतरची ‘परत आला’ ही भीती वेगळीच. पहिले काही आठवडे घाई आणि जळजळ असते. आत जखम आहे, ती भरायला वेळ लागतो. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास खपली सुटते आणि लघवी लाल होते, विशेषतः संडासला जोर केला तर. पाणी प्यायलं की बहुधा थांबते. गुठळ्या पडायला लागल्या किंवा धार अडली तर मात्र लगेच जायचं. आणि काही महिने उत्तम गेल्यावर धार हळूहळू पुन्हा बारीक होत गेली, तर नलिका किंवा मूत्राशयाचं तोंड आकसलंय का ते बघायला लावा. त्यावर इलाज सोपा आहे, जुनी गोळी पुन्हा सुरू करून मात्र तो होत नाही.

माझी नळी काढल्यावरची पहिली लघवी २२० मिली, मागे ४०. घाई आठव्या आठवड्यात गेली. रात्री अजून कधीकधी एकदा उठतो. वहीत ती ३०० मिली भरते, आणि आदल्या दिवशी मी दुपारी पाय वर करून पडलेलो नसतो.